स्ट्रोक आला तेव्हा ॲम्ब्युलन्स का नाही बोलावली?

उंबरठा

बाबांना दोनदा स्ट्रोक आला. दोन्ही वेळच्या गोष्टी शेजारी ठेवल्यापासून झोप उडाली आहे, म्हणून हा धागा.

पहिली वेळ चार वर्षांपूर्वीची. सकाळी दाढी करताना डाव्या हातातली डबी गळून पडली. उचलायला वाकले तर तोल गेला. आई धावत आली, तर म्हणाले, "काही नाही, हात अवघडलाय." आईने त्यांना पडायला सांगितलं. तासाभराने तिला चेहरा जरा ओढल्यासारखा वाटला, तेव्हा तिने मला फोन केला. मी मामेभावाला केला, कारण घराण्यात डॉक्टर तो एकटाच. तो दातांचा डॉक्टर आहे, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो म्हणाला हॉस्पिटलला न्या. मी गाडी काढली, घरी पोचलो. बाबांनी शर्ट बदलायचा हट्ट धरला, आम्ही बदलू दिला. पहिल्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनच नव्हता. दुसऱ्यात पोचलो तोवर डबी गळल्याला साडेपाच तास झाले होते. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "नक्की किती वाजता सुरू झालं?" आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. आजही त्यांना डाव्या हाताने बटण लावता येत नाही.

दुसरी वेळ गेल्या महिन्यातली. बागेत मित्राबरोबर बाकावर बसले होते. बोलता बोलता शब्द अडखळले, मग थांबलेच. मित्र त्यांची पाठ चोळत बसला. पलीकडच्या बाकावर एक अनोळखी मुलगी होती. तिने वाकून चेहरा पाहिला आणि दोन मिनिटांत ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तासाभराच्या आत इंजेक्शन मिळालं. पाचव्या दिवशी बाबा चालत घरी आले, बोलत.

माणूस तोच आणि आजारही तोच. पहिल्या वेळी भोवती सगळी जीव लावणारी माणसं होती, आणि आमच्यापैकी एकालाही ॲम्ब्युलन्स सुचली नाही. असं का होतं? सल्ला नकोय, अनुभव हवेत.

रात्रपाळी

मी आपत्कालीन फोन घेण्याचं काम करते, बरीच वर्षं झाली. पहिली गोष्ट म्हणजे स्ट्रोकचा पेशंट स्वतः फोन करतो असं फार क्वचित घडतं. बायको करते, मुलगा, शेजारी, दुकानातला माणूस. त्यामुळे "पेशंट ॲम्ब्युलन्स का बोलावत नाही" हा प्रश्नच थोडा चुकीच्या माणसाला विचारला जातो. खोलीत दुसरं कोण आहे, यावर बरंचसं ठरतं.

दुसरं, फोनवर "स्ट्रोक" हा शब्द सहसा येत नाही. "पडलेत", "चक्कर आली", "कसंतरीच बोलतायत", "उठतच नाहीयेत" असं येतं. "पडलेत" म्हटलं की सगळी चौकशी मार कुठे लागला याच्याकडे वळते. का पडले हे विचारायचं आम्हाला शिकवलेलं असतं, तरी घाबरलेला माणूस पडण्याचंच सांगत राहतो.

तिसरी गोष्ट मला अजून टोचते. लोक माफी मागतात. "सॉरी हं, उगाच त्रास देतेय, कदाचित काही नसेलही." हे म्हणणाऱ्या बाईचा नवरा मागे जमिनीवर असतो. मी विचारते, "कधी झालं?" उत्तर येतं, "सकाळी." आणि घड्याळात दुपारचे तीन.

हिशेबी

धागाकर्त्यांबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून विचारतो. दारात गाडी उभी असताना ॲम्ब्युलन्सची वाट का बघायची? ती येणार, मग परत जाणार, म्हणजे दुप्पट अंतर. साधा हिशेब आहे. तुमचा उशीर गाडीमुळे नाही झाला, गाडी निघण्याआधी गेलेल्या वेळामुळे झाला.

तंबोरा

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. हिशेबी, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. पहिलं अर्धंच.

ॲम्ब्युलन्स म्हणजे झोपून जायची गाडी असं धरलं तर तुमचा हिशेब जुळतो. पण स्ट्रोकमध्ये घड्याळ हॉस्पिटलच्या दारात थांबत नाही. दारापासून सुईपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात, आणि तो कमी व्हायला पेशंट येतोय हे आम्हाला आधी कळावं लागतं. ॲम्ब्युलन्समधून फोन आला की सीटीचं टेबल मोकळं ठेवतात, न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, खाली येऊन थांबतो. हेलसिंकीतल्या विद्यापीठ रुग्णालयाने याची कमाल केली. १९९८ मध्ये तिथे दारापासून इंजेक्शनपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत, २०११ पर्यंत ती २० वर आणली. त्यांनी मुख्यतः कामाचा क्रम बदलला. पेशंट वाटेत असतानाच त्याची माहिती काढून ठेवायची, आणि आला की ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीकडे. तुमच्या गाडीतून आलेला पेशंट आधी पार्किंग शोधतो, मग खिडकीशी नाव सांगतो, मग खुर्चीत बसतो. स्ट्रोकवाला खुर्चीत शांत दिसतो हो. दुखत नाही ना त्याला! शेजारचा मुरगळलेल्या पायाचा माणूस ओरडत असतो, लक्ष तिकडे जातं.

दुसरं म्हणजे गाडी जवळच्या हॉस्पिटलला जाते. जिथे व्यवस्था आहे तिथली ॲम्ब्युलन्स योग्य हॉस्पिटलला जाते. उंबरठा यांचे पहिल्या हॉस्पिटलातले वाया गेलेले तास म्हणजे हेच.

वेळेचं थोडं सांगतो, कारण लोक "गोल्डन अवर", म्हणजे पहिला मोलाचा तास, एवढंच ऐकून असतात. गुठळी विरघळवण्याच्या औषधाचा फायदा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झाला, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी दाखवलं की मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढता येते आणि माणूस उभा राहतो. २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये हे २४ तासांपर्यंतही करतात. आता या २४ तासांचा अर्थ "वेळ आहे" असा घेणारे नातेवाईक मी रोज बघतो. मोठी वाहिनी बंद झाली की मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला जातात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. हिशेबी, तुमच्यासाठी हा आकडा मुद्दाम.

जिथे ॲम्ब्युलन्स खरोखरच वेळेत येत नाही तिथे गाडीच काढावी, यात वाद नाही. पण निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून दोन गोष्टी विचारा : सीटी चालू आहे का, आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देता का. आणि कोणीतरी मागे पेशंटशेजारी बसा, एकट्याने गाडी चालवत नेऊ नका.

डावीकडचा

मी पेशंट आहे. सात वर्षं झाली. टंकायला वेळ लागतो, त्यामुळे उशिरा.

सगळे म्हणतात, "त्याला कळलं कसं नाही?" मला खरंच कळलं नाही. लपवत नव्हतो, घाबरून नाकारतही नव्हतो. माझा डावा हात लटकत होता आणि मला तो नीट वाटत होता. बायको म्हणाली हात वर करा. मी केला. म्हणजे, माझ्या मते केला. ती रडायला लागली तर मला तिचाच राग आला. ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर मी तिला इतकं तोडून बोललो, की तिने फोन खाली ठेवला.

पुढे फिजिओच्या मॅडमनी सांगितलं की या प्रकाराला नाव आहे, आणि बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१४ मध्येच ते ठेवलंय. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावं अंग निकामी होतं, आणि कधी कधी ते निकामी झाल्याची जाणीवही त्याच इजेत जाते. चोर आणि पहारेकरी दोघं एकाच वेळी गायब.

तेव्हा उंबरठा, बाबांच्या शर्टाबद्दल त्यांच्यावर रागावू नका. आणि आईवरही. पन्नास वर्षं ज्या माणसाचं ऐकलं, तो सांगतोय मी ठीक आहे. त्याचं ऐकायचं नाही हे तासाभरात कसं शिकणार?

उंबरठा

डावीकडचा, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण बराच वेळ फोन हातात धरून बसली होती.

शब्दवेडी

मला यात भाषेचाही दोष दिसतो. आजी म्हणायची, "अमक्याच्या अंगावरून वारं गेलं." किती सुंदर आणि किती घातक शब्दप्रयोग आहे! वारं येतं, अंगावरून जातं, आपण काय करणार? अर्धांगवायूतही वायूच. लकवा म्हटलं की डोळ्यांसमोर खाटेवर पडून असलेला माणूस येतो, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. आत्ता, या मिनिटाला काहीतरी घडतंय आणि थांबवता येईल, असं सांगणारा शब्दच नाही. "अटॅक" आहे, त्याची घाई सगळ्यांना कळते, पण तो हृदयाने कायमचा बळकावलाय.

तंबोरा

शब्दवेडी, पटलं. मी हल्ली नातेवाईकांना "मेंदूचा अटॅक" असंच सांगतो. ऐकणाऱ्याची मान लगेच वर होते.

छातीत दुखलं की माणूस स्वतःच ओरडतो. स्ट्रोक बहुतेकदा दुखत नाही. रक्तस्रावाचा असेल तर डोकं भयानक दुखू शकतं, पण बहुतेक स्ट्रोक गुठळीचे असतात, आणि ते गुपचूप येतात. कोण ॲम्ब्युलन्स बोलावतं हे पाहिलं की हेच दिसतं : एकदम कोसळलेला, बेशुद्ध झालेला पेशंट ॲम्ब्युलन्सने येतो. हात जड झालेला, जीभ जड झालेला माणूस घरच्यांचा हात धरून चालत येतो, दुसऱ्या दिवशी. खरं म्हणजे उपचाराने वाचण्यासारखं याच्यातही बरंच असतं. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमध्येही दहातले जेमतेम सहा पेशंट ॲम्ब्युलन्सने आलेले दिसतात, म्हातारे आणि गंभीर जास्त.

कोरीपाटी

आरोग्यप्रचाराच्या कामात होतो, म्हणून थोडी भर. चेहरा वाकडा झालाय का, हात वर राहतो का, बोलणं घसरतंय का, आणि तसं असेल तर वेळ न घालवता फोन : चेहरा, हात, बोलणं, वेळ ही चार गोष्टींची चाचणी मुळात लोकांसाठी नव्हतीच. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ॲम्ब्युलन्सच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला ती बनवली. २००९ मध्ये तिथल्या सरकारने तीच टीव्हीवर आणली, डोक्यात आग पसरत जाणारा माणूस दाखवून. जाहिरात बघवत नाही इतकी अंगावर येते. पुढे ऑक्सफर्डच्या अभ्यासात दिसलं की मोठ्या स्ट्रोकला लोक लवकर फोन करू लागले, पण किरकोळ स्ट्रोक आणि थोड्या वेळात जाणारा झटका याबाबत काही फरक पडला नाही.

मला वाटतं त्यात आगीच्या चित्राचाही हात असावा. लोकांच्या मनात स्ट्रोक म्हणजे आग. आपल्या घरात तर नुसता कप हातातून पडलाय.

एकटाजीव

माझ्यासारख्यांचं काय? मी एकटा राहतो. खोलीत दुसरं कोणी नाहीच. बोलणंच गेलं तर फोनवर सांगणार काय?

रात्रपाळी

एकटाजीव, चांगला प्रश्न विचारलात. नंबर लावा आणि फोन स्पीकरवर ठेवून द्या. अडखळलेलं बोलणं हेच आमच्यासाठी लक्षण असतं, ते ऐकून आम्ही सावध होतो. दारापर्यंत जाता येत असेल तर कडी काढून ठेवा आणि तिथेच जमिनीवर बसा. फोनमध्ये आपत्कालीन माहितीत पत्ता आणि एका माणसाचा नंबर आजच भरा, कुलूप लावलेल्या फोनवरही ती उघडते. रोज ठरलेल्या वेळी कोणालातरी एक मेसेज टाकायची सवय लावा. मेसेज आला नाही की समोरच्याला कळतं, आणि "शेवटचे ठीक कधी होते" याचंही उत्तर मिळतं.

तंबोरा

हे शेवटचं फार महत्त्वाचं. पाचातला जवळपास एक स्ट्रोक झोपेत होतो, सकाळी उठल्यावर कळतो. मग घड्याळ उठल्यापासून नाही, रात्री शेवटचं ठीक पाहिलं तेव्हापासून धरतात. तरीही यावं. काही ठिकाणी एमआरआय बघून ठरवता येतं की इजा ताजी आहे का.

आणि कृपया, ॲस्पिरिन देऊ नका. दर आठवड्याला कोणीतरी चघळायला देऊन आणतो. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय देवालाही कळत नाही. मधुमेह असेल तर साखर तपासा. ती खूप खाली गेली तरी अगदी असंच चित्र दिसतं. पण त्यासाठी फोन करायचा थांबू नका.

हिशेबी

थोडं खरं सांगतो. गाडीचा हिशेब वगैरे ठीक आहे, पण मूळ कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी आईचा हात बधिर झाला, बोलणं जरा घसरलं. तेव्हा मी ॲम्ब्युलन्स बोलावली होती. ती दारात येईपर्यंत आई ठणठणीत. सगळ्या खिडक्यांमधून माणसं बघतायत, आणि ही स्वतः जिना उतरून ॲम्ब्युलन्समध्ये चढली. हॉस्पिटलात एकजण म्हणाला, "एवढ्यासाठी?" त्या दोन शब्दांनंतर मी परत फोन करणार नाही असं ठरवलं. आई तर अजून नातेवाईकांना हा विनोद म्हणून सांगते.

तंबोरा

हिशेबी, ज्याने "एवढ्यासाठी" म्हटलं त्याच्या वतीने मीच माफी मागतो. तुम्ही जे सांगताय त्याला आम्ही टीआयए म्हणतो. गुठळी आली आणि सुटली. जुन्या अभ्यासांत अशा दहातल्या एकाला तीन महिन्यांत खरा स्ट्रोक आला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्याच एका अभ्यासात लगेच तपासून औषधं सुरू केल्यावर हा धोका ८० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तुमच्या आईसाठी ती ॲम्ब्युलन्स फुकट गेली नव्हती. पुढे तपासण्या झाल्या का? मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी, हृदयाच्या ठोक्यांची नोंद?

आणि लाजेचं म्हणाल तर २०२० आठवा. कोविडच्या पहिल्या महिन्यांत अनेक देशांत स्ट्रोकच्या भरतीचे आकडे खाली आले, विशेषतः सौम्य स्ट्रोकचे. स्ट्रोक काही सुट्टीवर गेले नव्हते. प्रत्येक घरात कोणीतरी ठरवलं होतं की आपलं दुखणं तेवढं मोठं नाही.

हिशेबी

बीपीची गोळी चालू आहे. मानेची सोनोग्राफी नाही केली. या आठवड्यात करतो.

शब्दवेडी

उंबरठा, एक विचारू? राग मानू नका. दुसऱ्या वेळी बाबांना बोलता येत नव्हतं, बरोबर? पहिल्या वेळी येत होतं.

उंबरठा

शब्दवेडी, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. शेवटी काल बाबांनाच विचारलं. म्हणालो, त्या मुलीने फोन लावला तेव्हा तुम्हाला कळत होतं का?

म्हणाले, "सगळं कळत होतं. नको, नको म्हणत होतो. पण तोंडातून भलतंच काहीतरी येत होतं."

मग म्हणाले, "बोलता आलं असतं तर तिला परत पाठवली असती. घरी येऊन पडलो असतो."

म्हणजे पहिल्या वेळी त्यांना "नको" म्हणता आलं, म्हणून हात गेला. दुसऱ्या वेळी "नको" म्हणता आलं नाही, म्हणून वाचले. मी इतके दिवस धरून बसलो होतो की अनोळखी मुलगी हुशार होती आणि आम्ही मूर्ख. ती हुशार होतीच. पण तिच्याकडे दुसरा काही पर्यायही नव्हता. मामेभाऊ नव्हता, गाडी नव्हती, बाबांचा स्वभाव माहीत नव्हता. तिला फक्त वाकडं तोंड दिसलं. आम्हाला बाबा दिसत होते.

डावीकडचा

माझ्या बायकोला आता मी लेखी देऊन ठेवलंय. कपाटाच्या दारावर चिकटवलंय. "मी नको म्हणालो तरी फोन कर. सही." पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो.

एकटाजीव

कडी काढून बघितली. बसून हात पोचत नाही. खाली दुसरी लावून घेतोय.

रात्रपाळी

डावीकडचा, तो कागद आम्हा सगळ्यांना लावायला हवा. उंबरठा, त्या मुलीची भेट झाली का परत?

उंबरठा

नाही. नाव विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मित्राला एवढंच आठवतं की ॲम्ब्युलन्स गेल्यावर ती परत आपल्या बाकावर जाऊन बसली.

हिशेबी

आईच्या फोनमध्ये आपत्कालीन नंबर पहिल्या बटणावर टाकला. दोनदा समजावलं, चेहरा, हात, बोलणं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण आधी तुला करीन ना?"